पाहुणे सात, अटेंडंट एक

१ सप्टेंबर

बारक्या,

'अनेक आशीर्वाद' लिहायला हात आपोआप वळला होता, मी तो आवरला. आशीर्वाद आईकडून घे. तिच्याकडे तुझ्यासाठी भरपूर आहेत.

ताई माझे फोन का उचलत नाही, असं तू आईला विचारलंस म्हणे. चौदा महिन्यांनी विचारलंस, छान केलंस. बाबांना पोहोचवून आलो त्या दिवशी पुढच्या खोलीत पंचवीस माणसं बसली होती आणि त्यांच्यासमोर तू म्हणालास, "ताई घरीच असते, त्यामुळे आईची काळजी नाही." मी सव्वीस वर्षं ट्रॅव्हल एजन्सीत व्हिसाच्या टेबलावर बसते. साडेनऊ ते सहा. शनिवारी अर्धा दिवस. दिवसभर घरी असतात त्या मदतीच्या बाई, आणि त्या संध्याकाळी माझ्या पायरवाची वाट बघत चपला घालूनच उभ्या असतात. तेव्हा माझ्या हातात चहाच्या कपांचा ट्रे होता म्हणून मी गप्प बसले. नंतर तू विमानात बसलास आणि विषय संपला, असं तुला वाटलं.

फोनवर तू मधेमधे बोलतोस. म्हणून कागदावर लिहून ऑफिसच्या स्कॅनरवरून पाठवते आहे. निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आता तुझ्या सुट्टीबद्दल. आईला ऐंशी पूर्ण होतात म्हणून डिसेंबरात सगळ्या कुटुंबानं कॅरिबियनमधल्या एका बेटावर दहा दिवस राहायचं, हे तू ठरवलंस, बुकिंग केलंस आणि मग आम्हाला कळवलंस. ग्रुपवर फोटो टाकलेस. निळं पाणी, खाजगी किनारा, पलंगावर टॉवेलचा केलेला हंस. तुझ्या सासूबाईंनी खाली अकरा लाल बदाम पाठवले. मी मोजले, कारण माझा पाठवायचा विचार नव्हता.

वर बुकिंगच्या कटकटीसाठी संपर्क म्हणून माझं नाव आणि माझ्या ऑफिसचा पत्ता देऊन मोकळा झालास. ठीक आहे, तर कटकट ऐक. तीन विमानं आणि वर स्पीडबोट, हा प्रवास तू कोणासाठी आखलास? पहिल्या आणि दुसऱ्या विमानाच्या मधे पन्नास मिनिटं आहेत. एवढ्या वेळात तू सुद्धा धावतपळत जाशील आणि घामाघूम होशील. आई व्हीलचेअरवर असेल, आणि व्हीलचेअर दाराशी येईपर्यंत सगळं विमान रिकामं व्हावं लागतं. मधे एक दिवस मुक्काम घातला आहे. बोट रद्द. त्याऐवजी बारा आसनांचं छोटं विमान त्या बेटावर उतरतं, त्याची आठ तिकिटं धरून ठेवायला सांगितली आहेत. वाळूत चालणारी, जाड चाकांची खुर्ची रिसॉर्टकडे एकच आहे, ती आईच्या नावानं राखून घेतली. जेवणघराला चार पायऱ्या आहेत, उतार कुठून आहे ते विचारलं आहे.

आईची तब्येत बरी आहे. तो कंपवात आहेच, पण गोळ्या वेळेवर असल्या की चालतं. दारातून जाताना पाय थोडे अडखळतात, इतकंच.

मी येईनच असं धरून चालू नकोस. डिसेंबरात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि समुद्राची मला काही हौस नाही.

ताई

९ सप्टेंबर

आज सकाळी रिसॉर्टची मेल माझ्या टेबलावर आली. 'पाहुण्यांची यादी कृपया तपासून कळवा.' संपर्क म्हणून माझं नाव दिलंस, तेव्हा या मेल मलाच येणार हे तुझ्या लक्षात आलं नाही ना? एवढ्या मोठ्या हुद्द्यावर बसतोस!

यादी मी छापून घेतली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं लाल पेन हातात घेऊन तपासायला लागले. पाहुणा एक, तू. दोन, तुझी बायको. तीन आणि चार, माझे भाचा आणि भाची. पाच आणि सहा, तुझे सासू-सासरे. सात, आई. आठवा पाहुणा नाही. खाली वेगळी चौकट आहे, तिचं नाव 'अटेंडंट', आणि त्या चौकटीत मी.

मी तीन वेळा वाचलं. मग मागचे नियम वाचले, कारण मी नियम वाचणारी बाई आहे. अटेंडंटनं पाहुण्याच्याच खोलीत घडीच्या कॉटवर झोपायचं. जेवण कर्मचाऱ्यांच्या भोजनघरात. कपडे साधे, गडद रंगाचे. किनाऱ्यावर पाहुणा सोबत असेल तेव्हाच थांबायचं. समुद्रात आणि तलावात उतरायला मनाई.

शेजारच्या टेबलावरचा तिकिटवाला माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय मॅडम, कुणाचा व्हिसा नाकारला?"

"माझा," मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

बारक्या, तुला शाळेत बोटाला धरून मी नेलं. तुझ्या पहिल्या पासपोर्टचा फॉर्म मी भरला, तुझ्या लग्नानंतर तुझ्या बायकोच्या व्हिसासाठी रांगेत मी उभी राहिले. तेव्हा कधी मनात आलं नाही की हे मी कोण म्हणून करते. आज त्या चौकटीनं सांगितलं.

आणि आता लपवून काय करायचंय, सांगूनच टाकते. मी येणार होते. तुझा फोटो आला त्याच आठवड्यात मी रजेचा अर्ज दिला. मालकांनी डिसेंबर म्हणून नाही म्हटलं, तर मी त्यांच्याशी भांडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मंगळवारी, गुरुवारी ऑफिसच्या आधी मी तरणतलावावर जाते. चौपन्नाव्या वर्षी, आठ-आठ वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभी राहून, फळी धरून पाय मारते. शिकवणारी बाई ओरडते, "आजी, गुडघे वाकवू नका!" गेल्या गुरुवारी फळी सोडून मी अर्धा तलाव ओलांडला. हे आईलाही माहीत नाही. केस ओले का, असं तिनं विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं.

तर तुझ्या समुद्रात उतरायला मनाई असलेली बाई ही अशी आहे.

फॉर्मच्या तळाशी 'ज्या पाहुण्यासाठी मदत हवी त्याची संमती' असा रकाना आहे. त्यात आईची सही आहे. ती कुठून आणलीस ते मी शोधून काढीन.

तुझी अटेंडंट

१४ सप्टेंबर

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. एवढे कष्ट घेतलेस!

"ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे. व्हिलात सातच पाहुणे घेतात. तळमजल्याची खोली अटेंडंट असेल तरच देतात, म्हणून आईच्या सोयीसाठी केलं. तिथे गेल्यावर कोण विचारतंय? तू फार मनावर घेतेस."

तिथे गेल्यावर कोण विचारतंय, हे तू मला सांगतोस? मागच्या वर्षी आमच्या एका गिऱ्हाइकानं फॉर्म लवकर उरकावा म्हणून बायकोच्या पुढे 'मैत्रीण' लिहिलं होतं. विमानतळावर तिला पाच तास वेगळ्या खोलीत बसवून ठेवलं आणि हा बाहेर लग्नाचे फोटो दाखवत गयावया करत होता. कागदावर जे लिहिलेलं असतं तेच माणूस असतो तिथे. पहिल्या दिवशी जेवायला तुम्ही सगळे डावीकडे वळाल आणि दारातला माणूस मला नम्रपणे उजवीकडचं दार दाखवेल. तेव्हा तू काय करणार आहेस? उठून भांडणार आहेस? तू मेन्यूत डोकं घालशील. मी ओळखते तुला. बाबांचं डोकं फिरलं की तू असंच भूगोलाच्या पुस्तकात डोकं घालायचास आणि पुढे मी व्हायचे.

सातच पाहुणे चालतात, मान्य. मग सात कोण हे ठरवताना तुझ्या डोक्यात एकदा तरी गोंधळ झाला का? तुझ्या सासू-सासऱ्यांवर माझा राग नाही. भली माणसं आहेत, सासरे तर मला आवडतात. पण त्यांना सोडून सहा उरले तेव्हा, किंवा ते धरून आठ झाले तेव्हा, तुझं पेन थोडा वेळ तरी अडलं का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. दुसरा व्हिला घेता आला असता. दोन खोल्या वेगळ्या घेता आल्या असत्या. तुला ते सुचलंच नाही, कारण तुझ्या डोळ्यांना मी आईच्या पलंगाशेजारीच दिसते. पलंगाला लागून असलेल्या टेबलासारखी.

सहीचं कळलं. मदतीच्या बाईंनी सांगितलं, बिचाऱ्या घाबरून गेल्या होत्या. मी भाजी आणायला गेले असताना तू फोन केलास, बाईंनी मोबाइल धरला, आईनं बोटानं सही केली. सही करण्याआधी तू तिला वाचून दाखवलंस. सगळं. माझं नाव कुठे आहे तेसुद्धा. आणि ती म्हणाली, "चालेल, ती माझ्याजवळच झोपते."

म्हणजे तिला माहीत होतं. दोन आठवडे आम्ही एका टेबलावर चहा पीत होतो, मी तिला जाड चाकांच्या खुर्चीचं सांगत होते, आणि तिला माहीत होतं.

दोन दिवस आम्ही फक्त गोळ्यांपुरतं बोलतो. "घे." "घेतली." बस.

२२ सप्टेंबर

बारक्या,

आईशी बोलले. बोलले कसली, भांडले. ऐंशीच्या आईशी भांडताना लाज वाटते, पण ती पण काही कमी नाही. तिचा आवाज आता बारीक झाला आहे, म्हणून मला तिचं भांडण ऐकायला खुर्ची जवळ ओढून बसावं लागलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय गोडीनं बोलताहेत मायलेकी.

मी विचारलं, "सही का केलीस?"

ती म्हणाली, "तू बरोबर असणार होतीस ना? मग कुठल्या रकान्यात का असेनास."

"तुझा मुलगा मला मोलकरणीच्या रकान्यात घालतो आणि तुला चालतं?"

"मग कोण नेणार मला मोरीत?" ती म्हणाली. "त्याला सांगू? त्याला सांगू मी, माझी चड्डी काढ म्हणून?"

 तिचं हे उत्तर आणि त्यामागचं सगळं लिहायला मला सहा दिवस लागले, आणि लिहिताना राग तुझ्यावर धरू, तिच्यावर धरू की माझ्यावर, हे अजून ठरत नाही.

तू तिला ओळखत नाहीस, बारक्या. तू ओळखतोस ती रविवारी साडेअकराची आई. नीट केस विंचरलेली, खुर्चीत ताठ बसलेली, नातवाला इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग विचारणारी. तुझा फोन नेहमी साडेअकरालाच का असतो, याचा कधी विचार केलास? तू एकदा सकाळी दहाला करतो म्हणालास, तर मी सांगितलं, तेव्हा तिची अंघोळ असते. तिची अंघोळ तेव्हा नसते. साडेसहाची गोळी साडेनऊनंतर उतरायला लागते. दहाला तिचे हात-पाय लाकडासारखे होतात आणि चेहरा दगडासारखा, तेव्हा तिला हसूही फुटत नाही. साडेदहाला दुसरी गोळी. साडेअकराला ती माणसात येते. दोनेक तास. त्या दोन तासांत आम्ही तुझा फोन बसवला होता. तीन वर्षं.

हे आईनं मला करायला सांगितलं होतं. "त्याला तिकडे परदेशात घोर लागेल," म्हणाली. आणि मी केलं. मी मन लावून केलं. तिला पावडर लावली, मागे उशी अशी खोचली की वाकलेली पाठ दिसू नये, थरथरणारा उजवा हात टेबलाखाली ठेवायला शिकवला. पासपोर्टच्या फोटोसाठी गिऱ्हाइकांना बसवते तशी मी तिला बसवायची. आणि मग फोन ठेवल्यावर तुझ्यावर चरफडायची, की याला काही दिसत कसं नाही.

दिसणार कसं? मीच दाखवलं नाही.

पण याचं खापर मी एकटी डोक्यावर घेणार नाही, उगाच हायसं वाटून घेऊ नकोस. तीन वर्षांत तू दोनदा आलास, दोन्ही वेळा हॉटेलात उतरलास, पोरांना एसी लागतो म्हणून. दोन्ही वेळा अकरानंतर आलास आणि दोनच्या आत गेलास. एक दिवस उजाडताना आला असतास तर तीन वर्षांचं आमचं नाटक पाच मिनिटांत पडलं असतं.

मी आईला म्हटलं, या रविवारी आपण दहाला फोन लावायचा. ती रडायला लागली. "तशी मला दाखवू नकोस गं त्याला." मी म्हटलं, मग सुट्टीला तू एकटी जा. मी कुठल्याच रकान्यात येणार नाही. हे बोलले तेव्हा मला माझीच शरम वाटली, पण शब्द मागे घेतला नाही.

 तोंड भिंतीकडे करायचं होतं तिला, पण कूस वळता येईना. मीच वळवून दिली.

ताई

५ ऑक्टोबर

बारक्या,

परवा सकाळी आई आपण होऊन म्हणाली, "लाव फोन. दहाला लाव." मी पावडर आणली, तर मान हलवली. म्हणून तू जे पाहिलंस ते मी दाखवलं असं समजू नकोस. ते तिनं दाखवलं.

खुर्चीतून उठून मोरीच्या दारापर्यंत बारा पावलं आहेत. त्याला नऊ मिनिटं लागली. दारात तिचे पाय जमिनीला चिकटले, तेव्हा तू तिकडून ओरडत होतास, "आई, चल ना, पाऊल टाक ना!" ओरडून काही होत नाही. मी दारात जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली आहे ती तू पाहिलीस. 'पट्टी ओलांड' म्हटलं की पाय उचलतो. 'चाल' म्हटलं की उचलत नाही. असं का, ते डॉक्टर सांगतात, मला नीट कळलेलं नाही. पण पट्टी चालते.

"ताई, हे कधीपासून?" असं तू विचारलंस आणि मग तुझा कॅमेरा छताकडे गेला. तू रडत होतास हे आम्हा दोघींना कळलं. आईनं मला खूण केली, काही बोलू नकोस. मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते. रडलास, बरं झालं. पण दोन तासांत तुझी मेल आली, की सुट्टी रद्द करतो, नाहीतर तिथली एखादी नर्स ठेवतो, तुम्ही दोघी पाहुण्या म्हणून या.

रद्द करायची नाही. ऐंशी वर्षांत तिला कोणी कुठे नेलेलं नाही. खुर्चीवरून का होईना, तिला ते पाणी बघायचं आहे. मला रोज विचारते, तिथे वाळू पांढरी आहे म्हणजे मिठासारखी की पिठासारखी? जरा जड झालं की हात वर करायचे, ही तुझी जुनी खोड आहे. या वेळी ती चालणार नाही. आणि नर्स म्हणशील, तर परक्या माणसानं अंगाला हात लावला की आई आखडते. दवाखान्यात दोनदा पाहिलं आहे. घरचाच हात लागतो.

म्हणून मी फॉर्म दुरुस्त केला. बुकिंगचा संपर्क मी आहे, तूच केलेलं आहेस, त्यामुळे बदल करायचा अधिकार माझा आहे. पाहुणे सातच आहेत, नियम मोडलेला नाही. पाहुणा क्रमांक एक, मी. वरच्या मजल्यावर समुद्राकडे उघडणाऱ्या दोन खोल्या आहेत. एक मी घेतली, एकीत तुझी बायको. तिला मी स्वतः फोन केला. ती म्हणाली, "ताई, बरं केलंत." तुझ्याबद्दल पुढे आणखी काही म्हणाली, ते तिलाच विचार.

अटेंडंटच्या चौकटीत तू आहेस. नातं विचारलं होतं, तिथे 'मुलगा' लिहिलं. आईच्या खोलीत घडीची कॉट आहे, तुझ्या वजनाला पुरेल का, असं मी त्यांना विचारून घेतलं. पुरेल म्हणाले. जेवण कर्मचाऱ्यांकडे, ते चांगलं असतं असं ऐकते. साधे गडद कपडे तुझ्याकडे असतीलच.

निघायच्या दहा दिवस आधी इकडे ये. एकटा. हॉटेल घेऊ नकोस, बाबांच्या पलंगावर झोप. पहिली गोळी साडेसहाला, खाण्याच्या अर्धा तास आधी. पाणी कपातून नाही, नळीतून. बटणं तिला स्वतः लावू दे, पंधरा मिनिटं लागली तरी मधे हात घालू नकोस, ती चिडते. उठवताना हात धरून ओढायचं नाही, तिच्या समोर उभं राहायचं, तिला आपल्या कमरेला धरू द्यायचं आणि तीन मोजायचे. मोरीत तुला लाज वाटेल, तिला त्याहून जास्त वाटेल. तेव्हा काहीतरी बोलत राहा. मी तिला ऑफिसातल्या मूर्ख गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगते. तू तुझ्या साहेबांच्या सांग.

रिसॉर्टचं उत्तर आज आलं. सगळं पक्कं झालं. फक्त संमतीच्या रकान्यात आईची नवी सही हवी होती. या वेळी बोटानं नाही, मी कागद छापून आणला, पेन दिलं आणि वाचून दाखवलं, तुझं नाव कुठे आहे तेसुद्धा. सही करायला तिला बराच वेळ लागला. शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलं.

मग पेन हातातच ठेवून तिनं मला विचारलं, "त्याला जमेल का गं?"

मी म्हटलं, "आई, हे तू मला कधी विचारलं होतंस?"

ताई